ऊन पाण्याचा हिशेब

आमच्या गल्लीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन घरांच्या गच्चीवर एकाच आठवड्यात, एकाच विक्रेत्याकडून पाणी तापवणारे सोलर बसले. दोन्ही १०० लिटरचे, काचेच्या नळ्यांचे, प्लंबिंग धरून प्रत्येकी तीसेक हजारांचे. एक आमचा. दुसरा शेजारच्या काकांचा. त्यांच्याकडे ते आणि काकू, दोघंच. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षा देणारी तीन मुलं भाड्याने राहतात, पण त्यांचं मीटर वेगळं. विक्रेत्याने आम्हा दोघांना एकच कागद दिला होता आणि त्यावर ठळक अक्षरात एकच आकडा होता : वर्षाला १५०० युनिटांची बचत. दोन वर्षांनी काका विजेच्या बिलांची चळत घेऊन आले आणि म्हणाले, "तुझे पैसे सुटताहेत म्हणतोस. माझे कुठे गेले ते जरा शोधून दे."

शोधायला फार काही लागलं नाही. एक बादली, औषधाच्या डब्यातला नव्हे तर स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि डिसेंबरचं बिल.

थंड देशांत हिवाळाभर अख्खं घर ऊबदार ठेवावं लागतं. तिकडची कुटुंबं बॉयलर घ्यावा की हीट पंप, पैसे किती वर्षांत फिटतील, याची गणितं मांडत बसतात. आपल्याला भिंती तापवाव्या लागत नाहीत, तापवायचं ते अंघोळीचं पाणी. गणिताची रीत मात्र तीच, आणि ती यंत्रापासून नाही, बादलीपासून सुरू होते.

आमची बादली २० लिटरची. डिसेंबरात सकाळी सहाला टाकीतून येणारं पाणी १८ अंश भरलं. विसण घालून अंगावर घेण्याजोगं झालं तेव्हा ४२. म्हणजे २० लिटर पाणी २४ अंशांनी चढवायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, तेव्हा बादलीला ४८० किलोकॅलरी झाल्या. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. भागाकार केला की हिवाळ्यातली एक बादली ०.५६ युनिटाची, अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. पावसाळ्यात टाकीतलं पाणी २४ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा तीच बादली ०.४२ युनिटात तापते. हा आकडा कुठल्याही कंपनीच्या हातात नाही.

म्हणूनच सहाशे रुपयांचा रॉड आणि आठ हजारांचा गिझर एका बादलीला जवळपास सारखीच वीज खातात. विजेची जी उष्णता होते ती दोन्हीकडे पाण्यातच जाते, दुसरीकडे जायला तिला वाटच नाही. १५०० वॅटचा रॉड आमच्या बादलीत टाकला तर पाणी २२-२३ मिनिटांत होतं. गिझर महाग आहे तो सोयीसाठी आणि सुरक्षिततेसाठी, विजेच्या बचतीसाठी नव्हे. पाण्यात बोट घालून 'झालंय का' बघण्याची सवय ज्या घरात आहे, त्या घराने हे आठ हजार निमूट खर्च करावेत. तीन लिटरचा 'इन्स्टंट' गिझर वीज वाचवतो ही समजूतही अर्धीच खरी. मोठ्या टाकीच्या गिझरमध्ये तापलेलं पाणी तसंच पडून राहिलं की थोडी उष्णता निसटते, तेवढीच इन्स्टंटमध्ये वाचते. उलट ३००० वॅटच्या इन्स्टंटने हिवाळ्यात एक बादली भरायला अकरा मिनिटं लागतात. नळाची धार बघत उभं राहणाऱ्याला ती फार वाटतात.

आता वर्षाचं बघू. आम्ही चौघं, म्हणजे रोज चार बादल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज अडीच युनिटं, त्यात गिझरची गळती धरली आहे. जून ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबर-मार्च हे दोन महिने, रोज १.९ युनिटं. एप्रिल-मे मध्ये आजीची एक कोमट बादली सोडली तर कोणी गरम पाण्याला हात लावत नाही. सगळी बेरीज ६७५ युनिटांच्या आसपास आली. सगळ्या घराची, सगळ्या वर्षाची.

आणि कागद म्हणत होता, बचत १५०० युनिटांची! जेवढं मुळात खर्चतो त्याच्या दुपटीहून जास्त वाचणार कसं? तरी तो आकडा खोटा नाही. १०० लिटर पाणी ४० अंशांनी चढवायचं, म्हणजे टाकीत ६० अंशांवर न्यायचं, तर दिवसाला साडेचार युनिटांहून थोडी जास्त उष्णता लागते. वर्षात ३०० दिवस चांगलं ऊन धरलं की १४०० होतात, उरलेले शंभर विक्रेत्याच्या उत्साहाचे. अट एवढीच, की ते शंभर लिटर ६० अंशांचं पाणी आपण रोज शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचं. आमच्या चार बादल्यांत विसण वजा केलं तर ६० अंशांचं पाणी जातं ४६ लिटर. उरलेलं गच्चीवर तापून गच्चीवरच निवतं.

त्यात ऊन पडण्याचे आणि ऊन पाणी हवं असण्याचे दिवस जुळत नाहीत. सोलरच्या नळ्या म्हणजे लांबट थर्मासच : दुहेरी काच, मधली हवा काढलेली, आतल्या काचेवर ऊन शोषणारा काळा लेप. आत तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, टाकीतलं गार पाणी खाली नळीत उतरतं. पंप नाही, मोटर नाही, सगळा कारभार आपसूक. मे महिन्यात हा कारभार इतका जोरात चालतो की तोटीतून वाफ येते आणि खाली माणसं गार पाण्याचे तांबे डोक्यावर ओतत असतात. जुलैत, जेव्हा गारठलेल्या अंगाला कढत पाणी हवं असतं, तेव्हा आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही आणि टाकीत जेमतेम कोमट. पुण्यात सोलर खरा उपयोगी पडतो तो ऑक्टोबर ते मार्च. आकाश निरभ्र, सकाळ गार. पावसाळ्यात त्याने एक तृतीयांश काम केलं तरी पुष्कळ. हे धरून आमच्या ६७५ युनिटांपैकी सोलरने वाचवली ४७५.

काकांकडे माणसं निम्मी, तेव्हा बचतही निम्मी, २३७ युनिटं. पण काकांचे पैसे एवढ्यावरच हरवलेले नव्हते.

त्यांचं आणि आमचं डिसेंबरचं बिल मी टेबलावर शेजारी ठेवलं. सोलर बसण्याआधीचं. आमचं २३० युनिटांचं, त्यांचं ९५ युनिटांचं. महावितरणच्या बिलात घरगुती वापराचे टप्पे असतात : पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढची. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात पाऊल टाकलं की युनिटाचा भाव जवळपास दुप्पट होतो. बरेच जण बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून 'आपल्याला वीज अमुक रुपयांनी पडते' म्हणतात. इथे तो भागाकार फसवतो. गिझर बंद केला तर जी युनिटं गळतात ती बिलाच्या वरच्या टोकाची, सगळ्यात महाग. पंखा, फ्रिज, दिवे खालची स्वस्त युनिटं आधीच खाऊन बसलेले असतात. स्थिर आकारही हिशेबात धरायचा नाही, कारण तो गिझर असो-नसो द्यावाच लागतो. धरायचा तो वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क. आणि बिल बघायचं ते हिवाळ्याचं आणि पावसाळ्याचं. मे महिन्यातलं एसीने फुगलेलं बिल इथे कामाचं नाही, कारण तेव्हा गिझर बंदच असतो.

सोपं जावं म्हणून मी दुसऱ्या टप्प्यातलं युनिट १२ रुपयांनी आणि पहिल्यातलं ६ रुपयांनी धरलं. दर दरवर्षी हलतात. आपल्या बिलाच्या मागच्या बाजूला बघून दुरुस्त करावेत. आमचं गिझरचं प्रत्येक युनिट १२ रुपयांचं होतं. काकांचं प्रत्येक युनिट ६ रुपयांचं. आम्ही वाचवली ४७५ युनिटं, म्हणजे ५,७०० रुपये. काकांनी वाचवली २३७, म्हणजे सुमारे १,४००. माणसं निम्मी, पण बचत चौथाई!

यातून देखभाल वजा करायची. कधी गारांनी किंवा पतंगाच्या दगडाने एखादी नळी फुटते, कधी रबरी रिंग गळते, टाकी धुऊन घ्यावी लागते. वर्षाला सरासरी ७०० रुपये मी धरले. आमच्याकडे उरले ५,०००, काकांकडे ७००. तीस हजार आमचे सहा वर्षांत वसूल होतील. काकांचे वसूल व्हायला चाळीसहून जास्त वर्षं लागतील, आणि यंत्राचं आयुष्य पंधरा वर्षं मिळालं तरी चांगलं.

काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच विचारलं, "ठेवीशी तुलना केलीस का?" ती करायलाच हवी, पण इथे लोक एक चूक करतात. ठेवीची मुदत संपली की मुद्दल परत मिळतं. सोलर पंधरा वर्षांनी भंगारात जातो, मुद्दल त्याच्याबरोबरच. म्हणून ५,००० भागिले ३०,००० करून 'मला सोळा टक्के सुटतात' म्हणणं बरोबर नाही. तुलना अशी करायची : तीस हजार सात टक्क्यांनी बँकेत ठेवले आणि दरवर्षी सारखी रक्कम काढत पंधरा वर्षांत खातं रिकामं करायचं ठरवलं, तर वर्षाला साधारण ३,३०० रुपये काढता येतील. ही आपली रेघ. सोलरने वर्षाला निव्वळ ३,३०० हून जास्त वाचवले तर तो ठेवीला भारी, कमी वाचवले तर ठेव भारी. आमचे ५,००० रेघेच्या बऱ्याच वर आहेत, आमच्या सोलरचा परतावा चौदा टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय ठेवीच्या व्याजावर कर लागतो, न आलेल्या बिलावर लागत नाही. विजेचे दर पुढे वाढले तर बचतही वाढेल. काकांचे ७०० रेघेच्या कितीतरी खाली. "म्हणजे मी ठेव मोडून ऊन विकत घेतलं," काका म्हणाले.

मग गॅस घ्यायला हवा होता का? घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किलोला साधारण ११,००० किलोकॅलरी, त्यातल्या ८० टक्के गॅस गिझरने पाण्यात उतरवल्या असं धरलं तर एका सिलिंडरमध्ये हिवाळ्यातल्या २६० बादल्या तापतात. सिलिंडर ८६० रुपयांचा धरला तर बादली ३ रुपये ३० पैशांची. आमची विजेची बादली ६ रुपये ७० पैशांची होती, तिच्यापुढे गॅस निम्म्या भावात. काकांची विजेची बादली ३ रुपये ३५ पैशांची! त्यांना गॅसने पाच पैसे वाचले असते.

पैशांपलीकडची एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. गॅस गिझर बंद न्हाणीघराच्या आत लावू नये. लहान बाथरूम, बंद खिडकी, आत जळता गॅस. हवेतला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला आधी जड वाटतं, मग शुद्ध जाते, आणि बाहेरच्यांना वाटतं, अजून अंघोळ चालली आहे. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात छापून येतात. गिझर आणि सिलिंडर दोन्ही मोकळ्या हवेत, बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर. आत यायची ती फक्त पाण्याची नळी. तशी जागा नसेल तर बादली कितीही स्वस्त पडो, गॅस गिझर घ्यायचा नाही.

बंबाचा हिशेब वेगळाच. पुण्याच्या तांबट आळीत ठोकलेले तांब्याचे बंब अजून कोल्हापूर-सांगलीकडच्या अंगणांत धुमसताना दिसतात. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, वरून ओतलं की तोटीतून कढत बाहेर. कोकणात करवंट्या, सोडणं नि झावळ्या, विदर्भ-मराठवाड्यात तुरकाठ्या आणि पऱ्हाट्या. सरपण फुकटचं असेल तर बादलीची किंमत शून्य, असं पुरुषमंडळी म्हणतात. पहाटे उठून तो पेटवणारी जी असते तिने आपल्या वेळेचा आणि डोळ्यांतल्या धुराचा भाव लावला की शून्य राहत नाही.

हीट पंपाबद्दल थोडक्यात : तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतो, त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांचं काम होतं. पण घरगुती यंत्राची किंमत सोलरच्या दुपटीहून वर जाते. हॉटेल, वसतिगृह, इस्पितळ, जिथे दिवसभर गरम पाणी वाहतं, तिथे तो शोभतो. चार बादल्यांसाठी नाही.

छपरावरच्या विजेच्या पॅनेलांनी मात्र हे सगळं गणित पुन्हा मांडायला लावलं आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरचं केंद्राचं अनुदान केव्हाच बंद झालं. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या वीजनिर्मितीला ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटमागे चांगल्या दिवशी चारेक युनिटं होतात, आणि मे महिन्यातली जादा वीज टाकीतल्या पाण्यासारखी वाया जात नाही, नेट मीटरमधून ग्रीडला जाऊन हिशेबात जमा होते. पण ज्याच्या घरावर अशी पॅनेलं आहेत त्याने पाण्याचा सोलर वेगळा घेण्याआधी एक गोष्ट बघावी. पॅनेलं आधी बिलाचा महाग शेंडा खुडतात. शेंडा गेला की गिझरचं युनिट १२ रुपयांचं राहत नाही, खालच्या टप्प्यातलं होतं. काकांसारखं. एका छपरावर दोन्ही सोलर असले की दोघं एकमेकांची बचत खातात.

एक गळती बिलात कुठेच दिसत नाही, ती नळात दिसते. आमच्या सोलरपासून खालच्या न्हाणीघरापर्यंत इंची पाइपाचा प्रवास १२ मीटरचा आहे. इंची पाइपात मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावतं. म्हणजे सकाळी तोटी सोडली की आधी सहा लिटर रात्रभर निवलेलं पाणी येतं, आणि मग एकदम कढत. ते सहा लिटर आम्ही फरशी पुसायच्या बादलीत धरतो. तोटी बंद केली की पाइपात पुन्हा सहा लिटर कढत पाणी अडकून निवायला लागतं. चौघांनी पाठोपाठ अंघोळी केल्या तर हे नुकसान एकदाच. एक जण सहाला, दुसरा आठला, तिसरी दहाला असं झालं की दर वेळी नवे सहा लिटर. चार-पाच मजली सोसायटीत सामाईक सोलर असेल तर खालच्या मजल्यावर हे सहाचे पंधरा-वीस होतात, आणि लोक म्हणतात, सोलर चालतच नाही. पाइपावर उष्णतारोधक आवरण घातलं की पाठोपाठच्या अंघोळींमध्ये पाणी निवत नाही, पण रात्रभर थोपवायला तेही पुरत नाही.

आणि क्षार. आमचा जुना गिझर प्लंबरने उघडला तेव्हा मी शेजारी उभा होतो. खालची पट्टी सोडताच आधी गढूळ पाणी आलं, मग चुन्याच्या पापुद्र्यांसारखे पांढरे तुकडे खडखड पडले, दीड-दोन ओंजळी. एलिमेंट बोटाएवढं जाड झालेलं, आणि त्याच्याशेजारची मॅग्नेशियमची कांडी, जी टाकीऐवजी स्वतः झिजावी म्हणून लावलेली असते, ती झिजून नुसती तार उरली होती. प्लंबर म्हणाला, "साहेब, ही तीनशेची कांडी दोन वर्षांपूर्वी बदलली असती तर टाकी वाचली असती." आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात. जिथे वर्षभर बोअर किंवा टँकर आहे तिथे काचेच्या नळ्या क्षारांनी भरतात, सोलरची पंधरा वर्षं आठवर येतात, आणि आठ वर्षांत सात टक्क्यांची रेघ ३,३०० वरून ५,००० ला जाऊन टेकते. म्हणजे आमच्यासारख्या घरालाही तिथे सोलर परवडला की नाही हे पाणी ठरवतं.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं, बिलं पुन्हा चळतीत लावली आणि चहा न घेताच गेले. पंधरा दिवसांनी त्यांच्या गच्चीवर प्लंबर दिसला. त्यांनी सोलरची एक लाइन वरच्या मजल्यावर, भाडेकरू मुलांच्या न्हाणीघरात उतरवली आणि भाड्यात महिना २५० रुपये वाढवले. मुलंही खूश, कारण आजवर तिघं मिळून एकाच रॉडवर पाणी तापवत होती आणि रॉडने दोन प्लॅस्टिकच्या बादल्या वितळवल्या होत्या. आता अडचण एवढीच आहे की एक मुलगा साडेपाचला अंघोळ करून अभ्यासिकेत जातो, दुसरा आठला उठतो आणि तिसऱ्याचा काही नेम नाही. काकांनी जिन्यात एक कागद चिकटवला आहे. त्यावर बँकेतल्या वळणदार अक्षरात तिघांच्या अंघोळीच्या वेळा लिहिल्या आहेत, पाठोपाठच्या, मध्ये दहा-दहा मिनिटं सोडून.